आपल्यावाचून काय काय अडेल? एकट्याने लांबच्या जगप्रवासाला निघण्यापूर्वी

नोकरी सोडून वर्षभर एकटीने जग फिरायचं ठरवतेय, असं कोल्हापुरात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "आणि घरचं कोण बघणार?" मामी विचारते, ऑफिसातले विचारतात, रंकाळ्यावर सकाळी भेटणारे काकाही विचारतात. अनेकांना या प्रश्नाचा राग येतो. मला तो अगदी योग्य वाटतो. तिकीट काढणं आणि बॅग भरणं ही सोपी कामं आहेत. पण बसलेल्या घडीत पगाराच्या जोडीला कितीतरी माणसं आणि कामं आपल्यावर टेकून उभी असतात. ती नीट कुणाकडे तरी सोपवली तरच माणूस मोकळ्या मनाने परदेशात राहू शकतो. नाहीतर शरीर हनोईत आणि जीव राजारामपुरीत, अशी अवस्था होते, आणि अशी माणसं लवकरच परत येतात.

मी असा प्रवास केला आहे. निघायच्या विचारात असलेली मुलंमुली भेटायला येतात, त्यांना जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते. ठरवल्यापासून निघेपर्यंत साधारण वर्षभराचा वेळ हाताशी ठेवा.

## आधी एक वही

महिनाभर एक वही जवळ ठेवा आणि तुम्ही करता ते प्रत्येक काम त्यात लिहा. बाबांच्या बीपीच्या गोळ्या आणणं, आईला डॉक्टरांकडे नेणं, महावितरणचं बिल, घरफाळा, पाणीपट्टी, विम्याचे हप्ते, गाडीची सर्व्हिसिंग, भाचीच्या शाळेची फी. गावाकडे शेती असेल तर यादी आणखी वाढते: उसाची नोंद कारखान्याकडे कोण घालणार, तोडीच्या वेळी फडात कोण उभं राहणार, बिल कुठल्या खात्यावर जमा होतं, विकास सोसायटीचं पीककर्ज मार्चअखेर कोण भरणार. ऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत तुटतो. शेतीचा भार तुमच्यावर असेल तर निघण्याची तारीख गळीत हंगाम बघूनच ठरवावी लागेल.

प्रत्येक कामापुढे एका माणसाचं नाव लिहा आणि त्या माणसाला विचारून लिहा. "दादा बघेल" असं आपण गृहीत धरतो आणि दादाला त्याचा पत्ताही नसतो. जिथे पैसे लागतात तिथे ते कुठून जाणार तेही लिहा.

भिशीत असाल तर ती पूर्ण करा किंवा आपली उचल शेवटाला ठेवून हप्त्यांची सोय लावून जा. मध्येच भिशी सोडली की बाकीच्यांचं गणित बिघडतं आणि आपल्याकडे हे नातं पैशापेक्षा मोठं असतं.

वही भरत आली की काही ओळी रिकाम्या राहतात. खरा निर्णय त्या ओळींवर अवलंबून असतो. घरी आजारी आई आहे, भावंडं नाहीत, ओळीपुढे लिहायला नावच नाही, असं असेल तर वर्षभराचा प्रवास आत्ता करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मग दोन-दोन महिन्यांचे तुकडे करा, मधे घरी या. त्यातही जग दिसतं, आणि घरची काळजी वाहून मिळवलेली मोकळीक कमी प्रतीची नसते.

## एकटेपणा आधी देशातच पाहून घ्या

ज्याने एकट्याने कधी चार आठवडे काढलेले नाहीत, त्याने थेट वर्षभराचं ठरवू नये. एक महिना काढा आणि नातेवाइकांच्या घरी न उतरता फिरा. कोल्हापूरहून हे फार सोपं आहे. गगनबावड्याचा घाट उतरून एसटीने कोकण गाठता येतं. दुसऱ्या बाजूने बेळगाव, विजापूर, हंपी करत कर्नाटकात खोल जाता येतं, आणि तिथे भाषा बदलली की आपल्याला किती जमतं ते कळतं. त्यानंतर नेपाळ. भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही, पासपोर्ट नसला तरी मतदार ओळखपत्र चालतं. आधार कार्डावर मात्र विसंबू नका.

या महिन्यात तीन गोष्टी स्वतःकडे बघून ताडा. रात्री एकट्याने जेवायला बसल्यावर कसं वाटतं? ताप आला, पोट बिघडलं, तर अनोळखी गावात दवाखाना शोधताना डोकं शांत राहतं का? आणि रोज सकाळी "आज कुठे, किती वाजता, कशाने" हे सगळे निर्णय एकट्याने घेण्याचा कंटाळा किती दिवसांनी येतो? या शेवटच्या कंटाळ्याबद्दल कुणी बोलत नाही, पण लांबच्या प्रवासात माणूस दमतो तो जास्त करून त्यानेच. त्याला उपाय एकच, एका जागी मुक्काम वाढवणं. दर तीन दिवसांनी गाव बदलत वर्ष काढणं कुणालाच झेपत नाही.

## घरात सांगणं

राजीनामा दिल्यावर घरी सांगायचं आणि मग वादळ झेलायचं, असं काही जण करतात. मला ते पटत नाही. आधी घरी सांगा, आणि सांगायला बसाल तेव्हा ती भरलेली वही सोबत ठेवा. आईवडिलांच्या मनात भीती असते ती तीनच गोष्टींची: पोरगं आजारी पडलं तर, पैसे संपले तर, आणि परतच आलं नाही तर. या तिन्हींची उत्तरं कागदावर असली की बोलणं वेगळ्याच सुरात होतं. विमा किती आहे, परतीचे पैसे कुठल्या खात्यात आहेत, आठवड्यातून कुठल्या वारी फोन करणार, हे सांगा. फोनचा वार एकदा ठरला की तो मोडू नका. रविवारी संध्याकाळी फोन येणार म्हणून आई दिवसभर वाट बघत असते.

मुलींच्या बाबतीत लग्नाचा विषय निघणारच. "आधी लग्न कर, मग नवऱ्याबरोबर फिर" हे वाक्य मी कितीतरी घरांतून ऐकलं आहे. त्यावर भांडून उपयोग होत नाही. घरातलं एक माणूस आधी आपल्या बाजूचं करून घ्या. बहुतेक वेळा ती वहिनी असते, आत्या असते, कधी आजीसुद्धा असते. तिला सगळा बेत दाखवा, तिच्या शंका खऱ्या मानून उत्तरं द्या. घरच्यांशी पुढचं बोलणं तीच करते आणि तुमच्यापेक्षा चांगलं करते.

## नोकरी: रजा की राजीनामा

आधी बिनपगारी रजेचा अर्ज करून बघा. मिळणार नाही असं ठरवून बरेच जण विचारतच नाहीत. राज्य सरकारी सेवेत असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये असाधारण रजेची तरतूद आहे. ती मंजूर करणं वरिष्ठांच्या हाती असतं आणि परदेशी जाण्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी असेल तर हातातलं काम कुणाला शिकवून जाता येईल हे आधी ठरवा आणि त्या बेतासकट साहेबांकडे जा.

राजीनामाच द्यायचा असेल तर नोटीस पूर्ण करा. कार्यमुक्तीचं पत्र, अनुभवाचा दाखला, फॉर्म १६ आणि शेवटच्या पगारपावत्या हातात घेऊनच बाहेर पडा. सलग पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटीचा अर्ज त्याच वेळी करा. पीएफ काढून प्रवासाला लावू नका. तो म्हातारपणाचा पैसा आहे.

नव्या माणसाला सहसा माहीत नसतं की अवघड व्हिसांसाठी नोकरीचा पुरावा फार कामाला येतो. युरोप, ब्रिटन, अमेरिका यांच्या अर्जात पगार, रजा आणि परत येण्याचं कारण बघतात. रजेवर जात असाल तर मंजुरीचं पत्र जोडा. नोकरी सोडली असेल तर तसंच लिहा आणि बचत, घर, शेती, कुटुंब यांचे कागद द्या. अर्जात खोटं कधीही लिहू नका. एकदा पकडलं गेलं की पुढची कित्येक वर्षं दारं बंद होतात.

## पैसा

तीन खाती किंवा तीन ठेवी वेगळ्या करा. एकीत प्रवासाचा पैसा. दुसरीत परतीचा: कुठूनही भारतात येण्याचं तिकीट आणि आल्यावर सहा महिने घरात बसून खाता येईल एवढी रक्कम. तिसरी आजारपणाची आणि घरच्या अडचणीची. प्रवास करताना दुसऱ्या आणि तिसऱ्या रकमेला हात लावायचा नाही. कर्ज काढून असा प्रवास करू नये, आणि घराचे हप्ते चालू असतील तर ते वर्षभर कुठून जाणार हे आधी ठरवावं.

महिन्याचा खर्च काढताना राहणं, जेवण, गावातला प्रवास एवढंच धरतात आणि व्हिसा, देशांमधली विमानं, विमा विसरतात. या तिन्हींचा हिशेब वेगळ्या पानावर करा. समजा एखाद्या देशात महिना ७० हजारांत भागतंय, तरी तिथे पोचण्याचा आणि शिरण्याचा खर्च वेगळाच. म्हणून स्वस्त देशात जास्त दिवस आणि महाग देशात कमी, असा साधा नियम पाळा. आग्नेय आशियात तीन महिने राहणारा माणूस युरोपात तेवढ्याच पैशांत महिनाभर मुश्किलीने राहील.

बँकेची कामं निघण्याच्या दोन महिने आधी करा. कार्डावरचे परदेशी व्यवहार चालू करून घ्यावे लागतात. नव्या कार्डांवर ते सुरुवातीला बंदच असतात. दोन वेगळ्या बँकांची दोन कार्डं घ्या, एक पाकिटात आणि दुसरं बॅगेच्या तळाशी ठेवा. परदेशातल्या एटीएमने किंवा दुकानदाराने "रुपयांत घेऊ का?" असं विचारलं तर नाही म्हणा आणि स्थानिक चलन निवडा, कारण रुपयांचा तो भाव नेहमी महाग पडतो. रोख परकीय चलन एका प्रवासासाठी साधारणपणे ३,००० डॉलरपर्यंतच मिळतं आणि ते अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. एका आर्थिक वर्षात १० लाखांपेक्षा जास्त रक्कम परदेशी पाठवलीत तर बँक त्यावर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोपर्यंत पैसा अडकतो.

मोबाइल नंबरकडे विशेष लक्ष द्या. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो, आणि परदेशात बसून हरवलेल्या सिमच्या जागी नवं मिळवणं फार अवघड असतं. रोमिंग आधी चालू करून घ्या, रिचार्ज संपू देऊ नका, आणि इंटरनेटसाठी त्या त्या देशाचं वेगळं सिम वापरा.

घर रिकामं राहणार असेल तर भाड्याने द्यायचा मोह होतो. द्या, पण लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवूनच द्या. महाराष्ट्रात ती नोंदणी सक्तीची आहे. मागे राहणाऱ्याला व्यवहार करता यावेत म्हणून मुखत्यारपत्र करायचं तर ठराविक कामांपुरतंच करा. सरसकट सगळे अधिकार देणारं कुलमुखत्यारपत्र सख्ख्या भावालाही देऊ नये. यात अविश्वास नसतो. उलट त्याच्यावरचं ओझं कमी होतं. सगळ्या खात्यांवर वारसाचं नाव आहे का, तेही एकदा बघून घ्या.

## पासपोर्ट आणि नावाची भानगड

पासपोर्टसाठी पूर्वी पुण्याला खेपा घालाव्या लागत, आता कोल्हापुरात पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे. लांब फिरायचं तर ६० पानांचं पुस्तक घ्या. त्याची फी २,००० रुपये आहे, ३६ पानांची १,५००. जुना पासपोर्ट असेल तर मुदत तपासा, कारण बरेच देश किमान सहा महिने शिल्लक मागतात.

आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी तीन पदं असतात, पासपोर्टवर मात्र रकाने दोनच. वडिलांचं नाव कुठल्या रकान्यात आहे ते बघा आणि विमानाची तिकिटं, व्हिसा अर्ज, विमा सगळीकडे अगदी तसंच लिहा. लग्नानंतर आधारवर एक, पॅनवर दुसरं आणि पासपोर्टवर तिसरं नाव असेल तर ते जुळवायला महिने जातात. हे काम सगळ्यात आधी घ्या.

## मार्ग व्हिसा ठरवतो

नकाशावर बोट ठेवून मार्ग आखू नका. आपल्या पासपोर्टवर कुठे कसं शिरता येतं ते आधी बघा. नेपाळ आणि भूतानला व्हिसा नको. भूतानमध्ये भारतीयांना माणशी एका रात्रीचे १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. व्हिएतनाम ९० दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा देतं. इंडोनेशियात उतरल्यावर ३० दिवसांचा व्हिसा मिळतो आणि तो एकदा वाढवता येतो. थायलंड आणि मलेशियाने अलीकडच्या वर्षांत भारतीयांना व्हिसामाफी दिली, पण तिच्या मुदती आणि दिवस बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पुन्हा बघा.

युरोपातल्या २९ शेंगेन देशांसाठी एकच व्हिसा लागतो, फी ९० युरो. त्यावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि सर्वसाधारणपणे आपण जिथले रहिवासी आहोत त्या देशातूनच. म्हणजे बँकॉकमध्ये मजेत असताना "आता युरोपला जाऊ" असं वाटलं तर बहुधा भारतात यावं लागतं. म्हणून बहुतेकांना मी सुचवते की युरोप सुरुवातीला करा, किंवा प्रवासाचे दोन भाग करून मधे घरी या. घरी येण्यात कमीपणा नाही, उलट आईच्या हातचं जेवून माणूस पुन्हा ताजा होतो. अमेरिकेचा वैध व्हिसा हाती असेल तर मेक्सिको आणि जॉर्जियासारखे देशही त्यावर प्रवेश देतात, हेही मार्ग आखताना लक्षात ठेवा.

नुसतं जाण्याचं तिकीट घेऊन विमानतळावर पोचलात तर विमान कंपनी काउंटरवरच अडवू शकते. पुढच्या देशात जाण्याचं तिकीट सोबत हवं. स्वस्तातलं बसचं किंवा विमानाचं खरं तिकीट काढा. बनावट बुकिंग दाखवू नका.

## आजारपण आणि विमा

इथे जरा थांबून वाचा. राजर्षी शाहूंच्याही आधी, १८७० साली, कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासाला गेले. परतीच्या वाटेवर इटलीत फ्लॉरेन्स इथे ३० नोव्हेंबरला त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस. तिथे दहनाची प्रथा नव्हती, तरी खास परवानगी मिळाली आणि आर्नो व मुन्योने नद्यांच्या संगमावर अंत्यसंस्कार झाले. कॅशिने बागेत त्यांचं स्मारक आजही उभं आहे आणि जवळच्या पुलाला इटालियन लोक 'भारतीयाचा पूल' म्हणतात. सोबत लवाजमा असलेल्या राजालाही परक्या मुलखात आजारपण चुकलं नाही. आपण तर एकटे जाणार.

तेव्हा विमा घेताना हप्ता किती याच्या आधी तीन गोष्टी वाचा: रुग्णालयाची मर्यादा किती, आधीपासूनचे आजार धरले आहेत का, आणि रुग्णाला किंवा पार्थिवाला भारतात आणण्याचा खर्च आहे का. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचं संरक्षण लागतं. भारतातल्या कित्येक प्रवास पॉलिसी एका प्रवासाला १८० दिवसांपर्यंतच मिळतात, म्हणून वाढवता येते का ते घेण्यापूर्वी विचारा. मधुमेह, दमा काही असेल तर जाहीर करा. लपवलं तर दावा नाकारतात. आणि इथली आरोग्य पॉलिसी बंद पडू देऊ नका, नाहीतर परत आल्यावर प्रतीक्षाकाळ, म्हणजे ठराविक आजारांचा दावा मिळत नाही तो काळ, पहिल्यापासून सुरू होतो.

दातांची कामं निघण्यापूर्वी उरका. नेहमीची औषधं मूळ घटकाच्या नावासह डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहून घ्या. कोडीन असलेली खोकल्याची औषधं संयुक्त अरब अमिरातीसारख्या देशांत नियंत्रित आहेत, त्यामुळे बॅगेत काय आहे ते नीट बघा. आफ्रिकेत किंवा दक्षिण अमेरिकेत जाणार असाल तर पीतज्वराची (यलो फीव्हर) लस सरकारमान्य केंद्रातच आणि किमान १० दिवस आधी घ्या. तिचं कार्ड परत येतानाही लागतं. कार्डाशिवाय बाधित देशातून आलात तर भारतात उतरल्यावर विलगीकरणात ठेवू शकतात.

## सामान

पाठीवर घेऊन तीन मजले चढता येईल एवढंच. कपडे आठवड्याचे पुरतात. कांदा-लसूण चटणी न्यायची इच्छा सगळ्यांनाच होते आणि ती न्यावी, पण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये उतरताना कुठलाही खाद्यपदार्थ अर्जावर जाहीर करा. न्यूझीलंडमध्ये न सांगितल्यास जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो. जाहीर केलं तर फार तर पुडी ठेवून घेतील.

पासपोर्ट, व्हिसा, विमा, कार्डांमागचे मदतीचे फोन नंबर या सगळ्याच्या प्रती एका फाइलीत घालून घरी द्या. ती फाइल कपाटात कुठे आहे हे दोघांना माहीत असू द्या.

## पहिला महिना

कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी मुंबई गाठता येते, पण आंतरराष्ट्रीय विमान त्याच दिवशी दुपारचं घेऊ नका. एक दिवस हाताशी असू द्या.

पहिला देश सोपा निवडा. श्रीलंका, नेपाळ, थायलंड इथे आपल्या जेवणाशी जवळचं काहीतरी मिळतं आणि काही अडलंच तर परतीचं विमान महाग पडत नाही. नव्या गावात दिवसाउजेडी पोचा, पहिल्या दोन रात्रींची जागा आधी ठरवून ठेवा, तिचा पत्ता स्थानिक लिपीत लिहून घ्या. मुलींना मी आणखी एक सांगते: महिलांच्या खोलीतली खाट थोडी महाग पडली तरी सुरुवातीला तीच घ्या, आणि खोली आवडली नाही तर भरलेल्या पैशांचा विचार न करता बाहेर पडा.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खूप उदास वाटतं. बहुतेकांना वाटतं. त्या दिवसांत परतीचं तिकीट काढू नका. एका गावात दहा दिवस थांबा, रोज त्याच टपरीवर चहा प्या, माणसं ओळखीची होऊ द्या. दहा दिवसांनंतरही रोज घरीच जावंसं वाटलं तर अवश्य या.

परत कधी यायचं, हे निघण्यापूर्वीच लिहून ठेवा. प्रवासाचं खातं संपलं आणि फक्त परतीची रक्कम उरली, की त्याच आठवड्यात तिकीट. घरात कुणाला रुग्णालयात दाखल केलं तर कुणाचा फोन आल्यावर निघायचं, तेही ठरवून ठेवा, कारण "तिला कशाला काळजी" म्हणून आपली माणसं बातमी लपवतात. आल्यावर नोकरी शोधताना मधलं वर्ष झाकू नका. अर्जात तारखांसह सरळ लिहा आणि कुठली भाषा कामापुरती आली, पैशांचा हिशेब कसा ठेवला, हे मुलाखतीत विचारलं तर सांगा. पुण्यातल्या कंपन्यांना याचं आता फारसं नवल वाटत नाही. कोल्हापुरात ओळखीतून काम लवकर मिळतं, म्हणून निघताना ज्या साहेबांचा नीट निरोप घेतला होता त्यांनाच पहिला फोन करा.